मागच्या सीटवर आई

एकच अक्षर होतं ते. ‘शी.’ गाडी स्टँडवर लावून मी मागे वळले. आई सीटवरून उतरली होती, तिच्या कामाच्या फिकट राखाडी पँटवर, मांड्यांच्या आतल्या बाजूनं, एक गडद डाग खाली खाली पसरत चालला होता, सीटचं काळं रेक्झिन ओलं चमकत होतं, आणि माझ्या तोंडातून ते अक्षर बाहेर पडलं. मी बोलले असं म्हणवत नाही. ते पडलं, हातातून भांडं पडतं तसं. पण भांडं पडलं की सगळे भांड्याकडे बघतात. इथं मैदानातली दोन्ही माणसं आईकडे बघायला लागली. एक आमच्या मोटरसायकलच्या ट्रेनर, ज्यांना आम्ही सगळ्या कॅप्टन म्हणतो, आणि दुसरी माझ्याबरोबर शिकणारी चिमणी, जी ताडमाड उंच आहे म्हणून चिमणी. दोघी भिंतीपाशी होत्या, लांब, त्यांना डाग दिसला नसणार. ‘शी’ मात्र ऐकू गेलं असणार, कारण माझा आवाज हल्ली मोठा झालाय. सहा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हटलं तरी बाई दोनदा विचारायच्या. आता मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारते. तोच आवाज. आईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि कॅप्टन चार पावलं जवळ यायच्या आत उरलेलं पाणी सीटवर आणि स्वतःच्या मांडीवर ओतलं. शांतपणे, झाडाला घालावं तसं. आणि मग मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई! झाकण सैलच राहिलं की हो! सगळी भिजले बघा.”

चिमणी हसली. “काकू, आंघोळच केलीत!” आईही हसली. मी हसले का? मला वाटतं, हसले. माझे ओठ ताणले गेल्याचं मला आठवतंय, आणि हेल्मेटच्या आत गाल चेपलेले असल्यामुळे ते हसू आतल्या आत कुठंतरी दाताला लागून राहिलं. कॅप्टन हसल्या नाहीत. त्यांनी टायरकडे पाहिलं, मग भिंतीजवळच्या वळणाकडे, मग माझ्याकडे. “गाडी बाहेर का गेली गं? भिंत चाटायचीच बाकी होती.”  माझ्याआधी आई बोलली. “तिचं काही नाही हो. मीच वेंधळी. वळणावर घाबरून मीच उलट्या बाजूला वाकले. ती छान चालवते.” कॅप्टन तरी माझ्याकडेच बघत होत्या. मी मान हलवली. वर-खाली. शब्दानं खोटं बोलले नाही म्हणावं, तर मानेनं बोलले.

खरं काय झालं ते मी सांगते, म्हणजे स्वतःलाच सांगते, कारण घरी येईपर्यंत मी ते शंभर वेळा उलटंपालटं करून पाहिलंय आणि दर वेळी ते तसंच निघतं. वळणावर अंग कसं ठेवायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पायाचा चवडा फूटरेस्टवर. वळणाच्या बाजूचं अर्धं ढुंगण सीटच्या बाहेर. बाहेरच्या मांडीनं टाकीला गच्च विळखा. आतला कोपर सैल, हनुवटी आरशाच्या दिशेनं, आणि नजर जिथं जायचंय तिथं, चाकापुढच्या खड्ड्यात नाही. आपण जेवढे वळणाच्या आत लटकतो तेवढी गाडी कमी झुकली तरी चालतं. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्या ढुंगण वळणाच्या आत काढायचो आणि डोकं मात्र वळणाच्या बाहेर ठेवायचो, पडायच्या भीतीनं. कॅप्टन ओरडायच्या, “अर्धी बाई वळायला निघालीय, अर्धी माहेरी चाललीय!” आम्ही हसून हसून गाड्या बंद पाडायचो. पण एक दिवस माझं जमलं. डोकं, खांदे, कंबर, गुडघा, सगळं एकाच वेळी एकाच दिशेला गेलं, आणि गाडी अशी वळली की जणू रस्ताच वळून माझ्या खाली आला. त्या दिवसापर्यंत माझं अंग म्हणजे मला दिलेलं एक अवजड दप्तर होतं. उंची लपवायला पोक काढायचं, छाती लपवायला वह्या कवटाळायच्या, पाळीच्या दिवसांत बाकावरून उठताना मागे बघायचं. त्या वळणानंतर मी सरळ चालायला लागले. शाळेत बाईंनी विचारलं, उंच झालीस का गं? मी म्हटलं, होतेच, बाई. वर्ग हसला आणि मला ते आवडलं. हे अंग माझं आहे, मी सांगेन तिथं जातं, असं वाटणं म्हणजे काय हे ज्याला आधीपासून वाटतंय त्याला कळायचं नाही.

आणि कॅप्टनचा एक नियम आहे, जो पहिल्या दिवशी सांगतात आणि मोडला तर माफी नाही. मागे माणूस बसलं की लटकणं बंद. मागच्या माणसाला धरायला तुझ्याशिवाय काही नसतं. तू सरकलीस की त्याच्या हातातला आधारच सरकतो, तो घाबरून ताठ होतो, उलटीकडे झुकतो आणि गाडी वळायची सोडून सरळ जायला लागते. मागे कुणी असलं की तू खांब. हळू चालव, मधे बस, खांब हो. मी तो नियम चिमणीला तोंडपाठ म्हणून दाखवलाय.

आईला मी मागे बसवलं ते तिच्याच अटीमुळे. रविवारी शर्यतीच्या खऱ्या ट्रॅकवर सराव सुरू होणार होता, कॅप्टन आमच्यातल्या चौघींना नेणार होत्या, आणि चौघींत मी होते. अठरा पूर्ण, लायसन्स नवंकोरं, गाडी मामाची, तो परदेशी गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेलेला. सगळं होतं, आईचा ‘हो’ तेवढा नव्हता. आणि आई सहजासहजी ‘हो’ म्हणणारी नाही, कारण ती एक्स-रे काढते. हॉस्पिटलच्या तळघरात तिची खोली आहे, तिथं गाडीवरून पडलेली माणसं रोज येतात, आणि गळ्याखालच्या हाडाचे तुकडे तिला तोंडपाठ आहेत. जेवताना सांगते. “आज एक आला होता, तुझ्याएवढा. खांदा असा लोंबत होता, दोरीवरच्या शर्टासारखा.” मी म्हणायचे, आई, जेवू दे. ती म्हणायची, जेव की, तुझा खांदा जागेवर आहे ना? महिनाभर हे चाललं. मग परवा ती अचानक म्हणाली, “मला एकदा मागे बसव. तुझ्या मैदानापर्यंत. मला बघू दे तू कशी चालवतेस, मग सांगते.” मी उडीच मारली. मला वाटलं, झालं! माझी आई गाडीवर बसली की तिला ते कळणारच, मला कळलं तसं.

आणि तिला कळलंही होतं. हेच तर वाईट आहे. नदीकाठच्या लांब सरळ रस्त्यावर मी थोडा वेग वाढवला तेव्हा मागून एक आवाज आला. आधी वाटलं रडतेय. मी हेल्मेट जरा तिरकं केलं, आणि ती हसत होती. आई मोठ्यानं हसते तेव्हा शेवटी तिचा श्वास अडकतो आणि एक बारीक शिट्टी येते, ती शिट्टी मला वाऱ्यातही ऐकू आली. “आणखी!” ती ओरडली. “भिऊ नकोस, जा!” तिनं माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला होता, तिचं पोट माझ्या पाठीला टेकलं होतं, मऊ, गरम, आणि मला एकदम ती लहानपणी मला पाठंगुळीला घ्यायची ते आठवलं, फक्त आता मी पुढे होते. वाटेतली सगळी वळणं मी खांबासारखी घेतली. नीट. एकेक. मैदानाच्या फाटकातून आत शिरल्यावर शेवटचं वळण लागतं, गोदामाच्या भिंतीला लागून, डावीकडचं, माझं सगळ्यात आवडतं. आणि भिंतीपाशी चिमणी उभी होती. कॅप्टन पाठमोऱ्या, सरावाचे प्लास्टिकचे शंकू एकात एक घालत होत्या. चिमणीनं हात वर केला. बस. एवढंच कारण. मला आणखी काही सापडत नाही. माझं अंग आपोआप सरकलं, अर्धं ढुंगण बाहेर, गुडघा उघडा, हनुवटी आरशाकडे, सगळं कसं देखणं, आणि त्याच क्षणी माझ्या कमरेभोवतीचे हात रिकामे झाले. ते मला कळलं. तिची बोटं माझ्या जाकिटावर काहीतरी शोधत घसरली. मग मागचं वजन उजवीकडे गेलं, गाडी झुकायची सोडून ताठ झाली, सरळ सुटली, आणि भिंत, जिच्यावर कुणीतरी निळ्या रंगानं बाण काढलाय, तो बाण मोठा मोठा होत आला. मी मधे आले, ब्रेक, टायर किंचाळला, भिंत उजव्या कोपराजवळून निघून गेली. पडलो नाही. खरचटलंसुद्धा नाही. मी तर मनात म्हणाले, वा, सावरली! आणि स्टँड लावून मागे वळले.

आईच्या खोलीत मी लहानपणी एकदा गेले होते. मनगट मोडलं होतं झोक्यावरून पडून. तिथलं टेबल लांब, काळं, बर्फासारखं गार. माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांना आई कुशीवर वळवत होती, एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि बोलत होती, “गुडघा जरासा वर. असा. हनुवटी आत. झालंच आता.” त्यांचं अंग ती अशी हलवत होती जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतेय. आणि मग टेबलाच्या कडेवरून थेंब पडायला लागले. मला कळलंच नाही आधी. आजोबांनी डोळे मिटून घेतले, गच्च, इंजेक्शनच्या वेळी मिटतात तसे. आईनं टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. चादर ओढली त्यांच्या अंगावर आणि म्हणाली, “हे टेबल फार गार आहे हो, किती दिवस सांगतेय मी साहेबांना. सगळ्यांचं असंच होतं इथं.” आणि मला म्हणाली, बाहेरच्या मावशींकडून माझा चष्मा आण. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी सांगितलंही, “आई, डोक्यावर आहे!” तर म्हणाली, “दुसरा.” दुसरा चष्मा तिच्याकडे कधीच नव्हता. मी बाहेर मावशींशी भांडत बसले की द्या ना दुसरा चष्मा, आणि मावशी हसत राहिल्या. आज त्या मैदानात उन्हात उभी असताना मला तो चष्मा आठवला आणि कानशिलं इतकी तापली की हेल्मेट काढावंसं वाटेना. तिनं परक्या माणसाला चादर घातली. मला साधं तिच्यासमोर उभंसुद्धा राहता आलं नाही, आडोसा म्हणून. एवढी उंच झालेय मी. एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी डाग झाकला गेला असता.

परत येताना आई बसनं जाते म्हणाली नाही, कारण तसल्या कपड्यांत बसमध्ये कशी बसणार. रिक्षातही नाही. जिथं मी तिची ही गत केली त्याच सीटवर तिला परत बसावं लागलं. मी जाकीट काढून दिलं, कमरेला बांध म्हणाले. तिनं बांधलं. “ऊन आहे, वाळेल,” म्हणाली, हवामानाबद्दल बोलावं तशी. मग सगळा रस्ता मी खांब होते. असा खांब कुणी झाला नसेल. मागून ‘आणखी’ नाही, शिट्टी नाही. तिनं आता माझी कमर धरली नव्हती. काखेखालून हात पुढे घालून तळवे टाकीवर टेकवले होते, कॅप्टननी निघताना सांगितलं होतं तसे. ते बरोबरच आहे, तसंच धरायचं असतं. पण त्यामुळे वाटभर तिचे हात माझ्या डोळ्यांसमोर राहिले. औषधाच्या साबणानं सारखे धुवून धुवून बोटांची पेरं पांढुरकी झालेली. नखं तळाशी कापलेली, रुग्णाला लागू नयेत म्हणून. प्रत्येक वळणाच्या आधी ते हात जरासे घट्ट व्हायचे. वळण संपलं की सैल. मी इतकी हळू चालवत होते की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला आणि वळून बघून गेला, आणि तरीही ते हात घट्ट व्हायचे. एरवी मी सायकलवाल्याला सोडलं नसतं.

घरी आल्यावर ती सरळ न्हाणीघरात गेली. मी खाली जाऊन सीट पुसली. एकदा साध्या पाण्यानं, एकदा साबणानं. शेजारच्या काकांनी जिन्यातून विचारलं, “काय, गाडी चमकवतेस? स्पर्धा आहे वाटतं?” मी हो म्हटलं. पुसताना मला घाण वाटतेय का हे मी तपासत होते. नव्हती वाटत. मग तेव्हा का वाटली? तेव्हा घाण वाटलीच नव्हती बहुतेक. चिमणी बघतेय हे वाटलं होतं. म्हणजे आणखीच वाईट. घाण वाटणं निदान नाकाचं काम असतं. वर आले तर आई केस पुसत बसली होती, चहा झालेला, पावाचे तुकडे बशीत, माझ्याकडे बशी सरकवलेली. मला तिनं ओरडावं असं इतकं वाटत होतं की मी मुद्दाम बूट घालून आत आले. तिनं बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “रविवारी किती वाजता निघायचंय तुम्हाला?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? ट्रॅकवर. जा म्हणतेय मी.”

याच ‘हो’साठी महिनाभर मी भांडी घासली होती. आता तो माझ्यासमोर बशीत ठेवल्यासारखा होता आणि मला हात लावता येईना. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. कॅप्टन. “काय गं, आईंचं ठरलं का? मला नावं कळवायचीत.” मी आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, सांग, सांग. आणि मी म्हणाले, “मॅडम, वळणावर आई नव्हती वाकली. मी लटकले होते.”

 कॅप्टनचा आवाज अगदी साधा. “मागे आई असताना?”

“हो.”

“कशासाठी?”

चिमणी बघत होती म्हणून, हे मला म्हणता आलं नाही. “असंच,” मी म्हटलं.

“मग रविवारी येऊ नकोस. पुढचं पुढे बघू.” आणि फोन बंद. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल, सगळे म्हणतात तसं. नाही वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला आईकडे बघावंसं वाटलं, शाबासकीसाठी. खरंच. मी तसं बघितलंसुद्धा.

आईनं टॉवेल खाली ठेवला. “वेडी आहेस का गं तू?”

“खरं तेच सांगितलं.”

“खरं! मला माहीत नव्हतं का खरं? कंबर धरली होती मी तुझी. निसटलीस हातातून, मासोळीसारखी. मला कळलं नसेल?” तिचा आवाज चढला, आज पहिल्यांदा. “मग मी तिथं एवढं खोटं कशाला बोलले? हौस म्हणून? त्या बाईसमोर स्वतःला वेंधळी म्हणवून घेतलं, अंगावर पाणी ओतून घेतलं...” ती थांबली. पाण्याबद्दल ती प्रथमच बोलली होती आणि दोघींनाही ते कळलं. तिनं बशीतला पावाचा तुकडा उचलला, परत ठेवला. “मला यायचं होतं रविवारी. कामाची पाळी बदलून घेतली होती मी. परवाच.”

“परवा? पण तू तर म्हणालीस, आधी मागे बसून बघते, मग...”

“म्हणाले. म्हणायला काय जातंय? तुला जरा धाकात ठेवावं म्हटलं.” ती खिडकीकडे बघत होती. “मला बघायचं होतं तुला. लांबून, कठड्याशी उभं राहून. रोज मोडलेली पोरंच बघते मी. म्हटलं, एक न मोडलेली बघावी.”

मला माफ कर म्हणायचं होतं. ते शब्द तोंडात आलेही, पण ते कशाबद्दल आहेत हे सांगावं लागलं असतं, लटकण्याबद्दल की मान हलवण्याबद्दल की आता फोनवर बोलून तिचा रविवार घालवण्याबद्दल, आणि ते अक्षर तर मला पुन्हा उच्चारावं लागलं असतं. मी नुसती उभी राहिले. बुटांसकट. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला पुन्हा पोक आलं, मला ते पाठीच्या मणक्यात कळलं. आईनंही पाहिलं असणार, तिला हाडं दिसतात. ती उठली, माझ्या मागून गेली, आणि जाता जाता दोन खांद्यांच्या मधे, पाठीवर, तळहाताची कड टेकवून मला सरळ केलं. प्रेमानं वगैरे नाही. टेबलावरच्या माणसाला करतात तसं, जोर मोजून. मग आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज, हँगरचा आवाज. बाहेर आली ती दुसऱ्या गणवेशात. तीच फिकट राखाडी पँट, धुतलेली, इस्त्रीची घडी अजून मोडायची होती. केस ओलेच. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं पाहिलं.

“संध्याकाळची पाळी आहे माझी,” ती म्हणाली. “सोडतेस, की बसनं जाऊ?”

मी तिच्या पँटकडे पाहिलं, मग नको तिथं बघितलं म्हणून पटकन खाली, माझ्या बुटांकडे. ती दाराशी थांबली होती, पिशवी खांद्याला, आणि खरंच विचारत होती. दोन्ही हेल्मेटं स्टुलावर शेजारी शेजारी पडली होती. मी हात पुढे केला, पण आधी तिचं उचलून द्यावं की माझं घालावं, ते मला कळेना.